काडतुसातला काटेकोरपणा

रायफलच्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, दारू पेटवणारा प्रायमर, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसलेली गोळी. बार झाला की प्रायमरमधला मसाला आणि दारू जळून जातात, गोळी निघून जाते आणि पुंगळी तेवढी मागे राहते. साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले हे पितळ पुन्हा पुन्हा वापरता येते. पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू भरायची, नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. अमेरिकेत हे काम घरोघरच्या गॅरेजमध्ये, हाताने चालणाऱ्या दाबयंत्रावर सर्रास होते. त्याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. त्यामागचे एक कारण काटकसरीचे आहे, कारण काडतुसाच्या किमतीत पुंगळीचा वाटा मोठा असतो. दुसरे कारण नेमबाजाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. कारखान्याचे काडतूस हजारो वेगवेगळ्या रायफलींत चालावे अशा बेताने बनलेले असते. घरी भरलेले काडतूस एकाच रायफलच्या अंगाबरोबर बेतता येते.

ही सोय आली आणि तिच्यामागून मोजमापाची चढाओढ आली. दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. 7000 ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजेच एक ग्रेन सुमारे 65 मिलिग्रॅम. दांडीच्या तराजूवर 0.1 ग्रेनपर्यंतचा फरक वाचता येतो. आजचे महागडे इलेक्ट्रॉनिक तराजू 0.02 ग्रेनपर्यंत उतरतात. रायफलच्या मध्यम जाडीच्या कांडीदार दारूचा एक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो, म्हणजे दाणा मोजून दारू भरण्यापर्यंत मजल गेली आहे. पुंगळीच्या मानेची जाडी, खांद्याची जागा आणि गोळी बसण्याची खोली इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. पुंगळ्या वजनाने निवडतात, गोळ्या लांबीने. एवढे करण्यात पन्नास काडतुसांमागे अख्खी संध्याकाळ जाते. यातले कोणते माप लक्ष्यावर उमटते आणि कोणते टेबलावरच राहते, हे मात्र प्रत्येक मापाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडल्याशिवाय कळत नाही.

पहिला हिशेब सुरक्षिततेचा. धूरविरहित दारू 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने सिद्ध केली. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. ही दारू उघड्यावर संथ जळते. बंदिस्त जागेत मात्र दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. त्यामुळे दारू जितक्या टक्क्यांनी वाढते त्याहून अधिक टक्क्यांनी दाब वाढतो. अमेरिकेत 1926 पासून काम करणारी सॅमी ही उद्योगसंस्था प्रत्येक काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा ठरवते. .308 विंचेस्टर या सर्वपरिचित रायफल काडतुसासाठी ती दर चौरस इंचाला 62,000 पौंड आहे. 9 मिलिमीटर ल्यूगर या पिस्तुलाच्या काडतुसासाठी 35,000 पौंड.

या दोन काडतुसांत 0.1 ग्रेनचा अर्थ एकसारखा नाही. .308 मध्ये चाळीसच्या आसपास ग्रेन दारू मावते, तेव्हा 0.1 ग्रेन म्हणजे पाव टक्का. 9 मिलिमीटरमध्ये दारू जेमतेम चार ते सहा ग्रेन, तिथे तेवढाच फरक दोन टक्क्यांवर जातो. शिवाय त्या इवल्या पुंगळीत गोळी थोडी जरी आत सरकली तरी दारूला मिळणारी जागा लक्षणीय आकसते आणि दाब झपाट्याने चढतो. एकच काडतूस पिस्तुलात वारंवार चढवले-उतरवले की गोळी अशी आत सरकू शकते. म्हणून पिस्तुलाचे काडतूस भरणाऱ्याने गोळीच्या खोलीकडे आणि मानेच्या पकडीकडे जे लक्ष द्यायचे, ते निव्वळ नेमासाठी नसते.

तरीही गंभीर अपघात सहसा दशांशाच्या चुकीने होत नाहीत. ते होतात चुकीच्या डब्यातली दारू भरल्याने, एकाच पुंगळीत दोनदा दारू पडल्याने, किंवा दारू पडलीच नाही म्हणून. .38 स्पेशलसारखी जुनी पुंगळी काळ्या दारूच्या हिशेबाने मोठी ठेवलेली आहे. तिच्यात जलद जळणारी आधुनिक दारू दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि वरवर पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. दारूच नसेल तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत निम्म्यावर अडकते आणि मागून येणारी गोळी तिच्यावर आदळली की नळी फुटू शकते. या तिन्ही चुकांवर 0.02 ग्रेनच्या तराजूचा काडीचाही उपयोग नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवणे, गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून डोकावणे, तराजू ज्ञात वजनाने तपासणे आणि प्रकाशित तक्त्यातल्या किमान मापापासून सुरुवात करून वर चढणे, याच गोष्टी हात आणि डोळे शाबूत ठेवतात. काटेकोरपणाला जिथे तडजोड नाही अशी ही जागा आहे, आणि ती फुकट आहे; तिला महागडे उपकरण लागत नाही.

दुसरा हिशेब अचूकतेचा. उदाहरणासाठी .308 विंचेस्टरमधली 175 ग्रेन वजनाची, नळीतून सेकंदाला 2600 फूट वेगाने सुटणारी गोळी घेऊ. या काडतुसात एक ग्रेन दारू कमी-जास्त झाली की वेगात ढोबळमानाने 50 ते 60 फुटांचा फरक पडतो. म्हणजे 0.1 ग्रेनला पाच-सहा फूट. आता हा वेगातला फरक लक्ष्यावर किती दिसतो? 100 यार्डांवर गोळी पोचायला सेकंदाचा सुमारे आठवा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने पावणेतीन इंच खाली येते. वेग 10 फुटांनी बदलला तर या पावणेतीन इंचात 0.02 इंचाचा फरक पडतो. गोळीने कागदाला पाडलेले भोकच 0.3 इंचाचे असते. त्यापुढे हा फरक दिसणेच अशक्य. 1000 यार्डांवर चित्र पालटते. तिथे गोळी काही शे इंच खाली आलेली असते आणि तोच 10 फुटांचा फरक तीन ते चार इंचांचा होतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या बेंचरेस्ट स्पर्धांमधला रिवाज ऐकणाऱ्याला चकित करतो. टेबलावर रायफल टेकवून 100 आणि 200 यार्डांवर गोळ्यांचा शक्य तितका लहान पुंजका पाडायचा, अशी ही स्पर्धा. तिच्यातले पुंजके जगातल्या सर्वांत लहान पुंजक्यांत मोडतात. मॅक मॅकमिलन यांनी 1973 मध्ये 100 यार्डांवर पाच गोळ्यांचा पाडलेला पुंजका मध्यापासून मध्यापर्यंत 0.009 इंच भरला आणि तो विक्रम चाळीस वर्षे टिकला. या खेळात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी 1975 मध्ये विकसित केलेले 6 पीपीसी हे काडतूस वरचढ ठरले. ते भरणारे बहुतेक स्पर्धक दारूचे वजन करतच नाहीत. यंत्राचा दांडा फिरवून आकारमानाने माप टाकतात, तेही मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मध्ये. हवेतल्या उष्णतेप्रमाणे माप एखाद-दोन खुणा वर-खाली करतात. यात निष्काळजीपणा नाही. 100-200 यार्डांवर दारूतला एवढा फरक लक्ष्यावर दिसत नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे, आणि त्यातून वाचलेली मेहनत ते गोळीवर, नळीवर आणि पुंगळीच्या मानेवर खर्च करतात.

गोळीवर का, याचे उत्तर फ्रँकलिन मॅन या मॅसॅच्युसेट्समधल्या डॉक्टरने शोधले. स्वतःच्या खर्चाने नेमबाजीचा पल्ला उभारून त्याने कित्येक वर्षे प्रयोग केले आणि 1909 मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. गोळीचे बूड वाकडे असेल किंवा तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून ढळलेला असेल, तर ती नळीतून सुटताना बाजूला फेकली जाते, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. यामागचा हिशेब सोपा आहे. नळीतले आटे 12 इंचांत एक फेरा देत असतील, तर सेकंदाला 2600 फूट जाणारी गोळी सेकंदाला 2600 फेरे घेते. नळीत असेपर्यंत ती आपल्या भौमितिक अक्षाभोवती फिरायला बांधलेली असते. बाहेर पडताच ती गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते, आणि त्या क्षणी गुरुत्वमध्याला जो आडवा वेग असतो तो घेऊन ती निघते. गुरुत्वमध्य इंचाच्या फक्त दहाहजाराव्या भागाने ढळलेला असला तरी 100 यार्डांवर गोळी 0.19 इंच बाजूला जाते. दारूतला 0.1 ग्रेन त्याच अंतरावर जेमतेम 0.01 इंच दाखवतो. तांब्याच्या कवचाची जाडी एका बाजूला किंचित अधिक असण्याची किंमत ही अशी आहे. घरी काडतूस भरणाऱ्याच्या हातात ही चूक दुरुस्त करणे नाही. चांगल्या बनावटीची गोळी विकत घेणे एवढेच आहे. बेंचरेस्टच्या नळ्यांना गोळी जेमतेम स्थिर राहील इतकाच मंद पीळ देतात, त्यालाही हेच कारण.

आता 1000 यार्डांकडे परत जाऊ, कारण दारूचे वजन तिथे खरेच महत्त्वाचे ठरू शकते. ठरेल की नाही, हे बाकीच्या चुका किती मोठ्या आहेत त्यावर अवलंबून आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका साध्या बेरजेने एकत्र येत नाहीत. त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. समजा प्रायमर, मानेची पकड, पुंगळीतली जागा आणि नळीची उष्णता यांमुळे वेगाचे प्रमाण विचलन (म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा) 10 फूट आहे आणि साध्या तराजूतल्या चुकीमुळे त्यात आणखी 3 फुटांची भर पडते. एकूण विचलन 13 होत नाही, 10.4 होते. दारू दाणा मोजून भरली तरी ते 10 च्या खाली जाणार नाही. महागड्या तराजूची कमाई अर्ध्या फुटाहूनही कमी. पण ज्याने पुंगळ्या, माना आणि प्रायमर यांवर मेहनत घेऊन बाकीचे विचलन 4 फुटांवर आणले आहे, त्याच्या बाबतीत 4 आणि 3 मिळून 5 होतात. साधा तराजू त्याचे काडतूस पंचवीस टक्क्यांनी बिघडवतो. तोच तराजू, तीच चूक. एकाला ती दिसत नाही आणि दुसऱ्याला ती परवडत नाही.

एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत हे स्पष्ट दिसते. 1000 यार्डांवर तिथे दहा गुणांचे वर्तुळ 10 इंच व्यासाचे असते आणि त्यातले आतले वर्तुळ 5 इंचांचे. वेगाचे विचलन 10 फूट असेल, तर वीस गोळ्यांच्या फेरीत सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीत सरासरी 37 फुटांचे अंतर पडते. म्हणजे वरखाली बारा-तेरा इंच. फक्त वेगामुळेच काही गोळ्या वर्तुळाबाहेर. विचलन 5 फुटांवर आणले की ही उंची निम्मी होते. या नेमबाजाने दाणे मोजणे पूर्णपणे समर्थनीय आहे. मात्र त्याच मैदानावर दुसरी एक चूक याहून कितीतरी मोठी असते. ताशी 10 मैलांचा आडवा वारा ही गोळी 1000 यार्डांवर जवळजवळ 100 इंच सरकवतो. वाऱ्याचा अंदाज ताशी एक मैलाने चुकला की सुमारे 10 इंच गेले. वारा निशाणांवरून आणि मृगजळाच्या लहरींवरून वाचायचा असतो, आणि ते शिकायला मैदानावर गोळ्या झाडत वर्षे घालवावी लागतात. घरी तराजूपुढे घालवलेला वेळ त्या वर्षांतून वजा होतो, ही बाब या छंदावरच्या चर्चेत फारच कमी वेळा येते. ती अधिक यायला हवी.

वारा वगळून रायफल आणि काडतूस यांची खरी क्षमता पाहण्याचा एक प्रयत्न टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात झाला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिल किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 325 यार्ड लांबीच्या एका बंदिस्त गोदामात रात्री-रात्री प्रयोग केले. मैदानावर जे काडतुसाच्या माथी मारले जाते त्यातले बरेचसे वाऱ्याचे असते, हे तिथे वेगळे काढून पाहता आले.

पुंगळीच्या मापांमध्येही असाच मोठा-छोटा भेद करावा लागतो. पुंगळ्या वजनाने निवडण्यामागे कल्पना अशी, की जड पुंगळीत आतली जागा कमी असणार. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड आहे. म्हणजे पुंगळीत एक ग्रेन पितळ जास्त असले, तर आतली जागा 0.12 ग्रेन पाण्याइतकी कमी होते. .308 च्या पुंगळीत सुमारे 56 ग्रेन पाणी मावते, फरक 0.2 टक्के. तोही सगळे जादा पितळ आतल्या बाजूला असेल तर. ते बुडाजवळच्या खाचेत असेल, तर आतल्या जागेत काहीच बदल होत नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र करू नयेत हे खरे, कारण तिथे वजनातला फरक बराच मोठा असू शकतो. एकाच लॉटमधल्या पुंगळ्या ग्रेनच्या अंशांवरून निवडत बसण्यात हाती फारसे काही लागत नाही.

मानेची गोष्ट वेगळी आहे. पितळ दर वेळी फुगते, दाबले जाते आणि या आघातांनी कडक होत जाते. कडक मान गोळीला निराळ्या जोराने धरते, प्रत्येक पुंगळीची पकड वेगळी पडू लागते आणि वेग विस्कळीत होतो. मान तापवून पितळ पुन्हा नरम करण्याची पद्धत त्यासाठी आहे, आणि ती केल्याने पुंगळीचे आयुष्यही वाढते. खांदा किती मागे दाबायचा, हे माप तर अचूकता आणि सुरक्षितता दोन्हींना धरून आहे. एक-दोन हजारांश इंच पुरेसे असते. प्रत्येक वेळी जास्त दाबले, तर बार होताना पुंगळी लांब ताणली जाते, बुडाजवळ तिची भिंत पातळ होत जाते आणि अखेर तिथे तडा जातो. इथे इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारे साधन पैसे वसूल करून देते.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित माप म्हणजे गोळ्यांची संख्या. नवे काडतूस चांगले की वाईट हे ठरवण्यासाठी तीन किंवा पाच गोळ्या झाडून पुंजका मोजण्याचा प्रघात आहे. समजा एका रायफलचे पाच गोळ्यांचे पुंजके सरासरी एक इंच भरतात. काहीही न बदलता तीन-तीन गोळ्या झाडल्या, तर सरासरी 0.8 इंच येईल. दहा-दहा झाडल्या, तर जवळपास सव्वा इंच. काडतूस तेच, आकडा वेगळा. शिवाय ही झाली सरासरी. पाच गोळ्यांचा एकेक पुंजका सरासरीच्या आसपास इतका हेलकावतो, की अर्धा इंच आणि दीड इंच दोन्ही त्याच रायफलमधून, त्याच काडतुसाने पडू शकतात. वेग मोजतानाही तसेच. खरे विचलन 10 फूट असताना पाच गोळ्यांवरून काढलेले विचलन 3.5 ते 16.7 यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते, आणि वीसपैकी एखाद्या वेळी त्याहूनही बाहेर. दारू 0.2 ग्रेनने वाढवत न्यायची, प्रत्येक पायरीवर तीन गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत लहान पुंजका देणारे माप रायफलला 'आवडले' म्हणायचे, या पद्धतीत बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाची निवड होते. 0.02 ग्रेनपर्यंत दारू मोजणारा माणूस तीन गोळ्यांवरून निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याने सगळा काटेकोरपणा चुकीच्या जागी खर्च केलेला असतो. वीस-तीस गोळ्यांची चाचणी महाग पडते, नळीही झिजते. पण पायऱ्या कमी करून प्रत्येक पायरीवर गोळ्या वाढवणे कोणालाही शक्य आहे.

शिकाऱ्याचा हिशेब तर आणखी सुटसुटीत आहे. हरणाच्या छातीतला वेध घेण्याजोगा भाग सुमारे आठ इंच व्यासाचा धरतात. 100 यार्डांवर दीड इंचाचा पुंजका देणारे काडतूस 200 यार्डांवर तीन इंचांत राहते. उभ्याने किंवा झाडाला टेकून झाडणाऱ्याच्या हाताचे हेलकावे याहून मोठे असतात. त्याला काटेकोरपणा हवा तो काडतूस दर वेळी विनाअडथळा चढण्यात आणि दर वेळी पेटण्यात.

भारतात काडतूस घरी भरण्याचा छंद रुजण्याला वाव नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि छोट्या शस्त्रांची काडतुसे मुख्यतः सरकारी कारखान्यांत तयार होतात. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना 1869 पासूनचा, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा आहे. इथल्या ऑलिंपिक रायफल नेमबाजांपुढे मात्र हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. 2010 मध्ये म्यूनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे हे दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांच्या प्रकारात .22 रिमफायर काडतूस वापरतात, आणि ते पुन्हा भरण्याजोगे नसते. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत पसरवलेला असतो आणि घोड्याच्या घावाने ती कडच चेपली जाते. दारू, गोळी, पकड यांतले काहीच नेमबाजाच्या हातात नसल्याने त्याच्यापाशी एकच उपाय उरतो: निवड. ईली किंवा आरडब्ल्यूएससारख्या कंपन्यांच्या चाचणी-पल्ल्यावर नेमबाजाची नळी घट्ट पकडीत बसवतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या 50 मीटरवर झाडून पुंजके मोजतात. त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे आणि गोळी 5.6 मिलिमीटरची, त्यामुळे लॉटमधला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरकही गुणांत उतरतो. एका रायफलला मानवलेला लॉट त्याच बनावटीच्या दुसऱ्या रायफलला मानवेलच असे नाही. म्हणून चाचणीत उतरलेल्या लॉटची काडतुसे नेमबाज मोठ्या स्पर्धांना पुरतील इतकी एकदम घेऊन ठेवतात आणि सरावाला दुसरी वापरतात.